दिवा गेला, पंखा चालू

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. जेवताना माझा एक पाय ताटापाशी आणि दुसरा उंबऱ्यावर असतो, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात कंट्रोल पॅनल जोडायचं काम मिळालं, आणि या वळवळीला एक बरी वाट सापडली. पॅनल म्हणजे एक लोखंडी कपाट. आत रिले, फ्यूज आणि तारांचे जुडगे. काय झालं की काय व्हायचं आणि काय झालं की काय अजिबात होऊ द्यायचं नाही, एवढंच तिथे ठरवायचं असतं. झाकण बंद असेल आणि बटण दाबलं असेल, तरच मोटार चालू, नाहीतर नाही. हे ‘आणि’, ‘तरच’, ‘नाहीतर’ घरी आल्यावरही माझ्या डोक्यात फिरत राहायचं.

घरी मात्र कशाचंच काही ठरलेलं नव्हतं.

घर म्हणजे विश्रांतवाडीतला पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. आई आणि मी. वडील वारले होते, आणि दादा, माझा थोरला भाऊ, त्याच्याही आधी घर सोडून गेला होता. वडिलांनी खटपट करून त्याच्यासाठी सरकारी कारखान्यात चिकटायची सोय केली होती, आणि त्याला मित्राबरोबर वाघोलीला पोल्ट्री काढायची होती. ‘‘कोंबड्या राखायला शिकवलं का तुला?’’ इथून सुरू झालेलं भांडण ‘‘पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस’’ इथपर्यंत गेलं. असं सगळेच बाप म्हणतात, आणि मुलं रात्री जेवायला घरी येतात. आमच्याकडे मात्र बोललेलं पाळायची वाईट सवय. दादा गेला तो गेलाच. वडिलांच्या वेळी स्मशानात आला, मागे भिंतीला टेकून उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. मी त्याला पाहिलं. आईला सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘‘बारीक झालाय का?’’

मला दादाचा राग होता. अजून थोडा आहे. ज्यांनी ‘येऊ नकोस’ म्हटलं ते गेल्यावर तरी यावं की नाही माणसाने? मी आईला म्हणायचे, ‘‘मी जाते वाघोलीला, धरून आणते त्याला.’’ ती मान हलवायची. ‘‘बोलावल्यावर येतो तो पाहुणा. त्याला त्याच्या पायांनी येऊ दे.’’

आणि याच सुमारास तिचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग मी. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून तिला कळायचं, पाठीमागून काही नाही. कानाचं यंत्र आणलं, तर ते शिट्टी घालायचं. ‘‘कानात शिट्टी घेऊन फिरायला मी काय कंडक्टर आहे?’’ असं म्हणून तिने ते कपाटात ठेवलं आणि दिवसभर दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची मांडून बसायला लागली. दुपारी आडवी व्हायची नाही. न्हाणीघरात गेली तरी घाईघाईने बाहेर. मी चिडले की म्हणायची, ‘‘येणारा येईल, बेल दाबेल, दोन मिनिटं उभा राहील आणि जाईल. मग काय करायचं?’’ येणारा कोण हे आम्ही दोघीही बोलायचो नाही.

कामावरून आले की ती खुर्चीत ताठ बसलेली दिसायची, आणि माझा जीव खालीवर व्हायचा. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट करता येत होती.

जिन्याच्या दिव्याला खाली एक बटण असतं आणि वर एक. खालून लावा, वरून घालवा. दोन्हींपैकी कुठलंही हललं की दिवा होता त्याच्या उलटा होतो. बैठकीच्या खोलीतल्या दिव्याला मी तसंच केलं, फक्त दुसऱ्या बटणाच्या जागी रिले घातला. रिले म्हणजे विजेने हलणारं बटण. बाहेरच्या माणसाने बेल दाबली की आतला दिवा उलटा व्हायचा: बंद असेल तर लागायचा, लागलेला असेल तर जायचा. पण लोक बेल दाबतात आणि लगेच बोट काढतात. त्या क्षणी आईची पाठ असली तर? म्हणून एकदा ओढला गेला की रिलेने स्वतःला धरून ठेवायचं, दार उघडेपर्यंत. दाराच्या चौकटीत, फ्रिजच्या दारात असतं तसं एक छोटं बटण बसवलं. दार उघडलं की पकड सुटली आणि दिवा पूर्ववत. जुनी घंटा काढूनच टाकली, कारण आईला ऐकू न येणारी ती घंटा समोरच्या बिऱ्हाडाला फारच ऐकू यायची, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

रिले कारखान्यातल्या मोडीतून मागून घेतला. बाकीचं सामान बुधवार पेठेतून आणलं. आमचे सुपरवायझर म्हणाले, ‘‘बाईंच्या घरी आता दार उघडायलासुद्धा पॅनल लागतंय.’’ म्हणू देत. मी सर्किट कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढून तारा ओढल्या. रिलेचा डबा माळ्यावर ठेवला. आई खालून स्टूल धरून उभी होती आणि मी पडेन म्हणून सारखी ओरडत होती.

बसवून झाल्यावर मी बाहेर गेले, दार लावून घेतलं आणि बेल दाबली. दाराच्या वरच्या काचेत दिवा लागलेला दिसला. मग बराच वेळ काही नाही. मी दारावर बुक्क्या मारायच्या बेतात असताना दार उघडलं. आई हात जोडून उभी होती.

‘‘अगं, नमस्कार काय करतेस?’’

‘‘दिवा लागला ना,’’ ती म्हणाली.

तिन्हीसांजेला दिवा लावला की हात जोडायची तिची जन्माची सवय. त्यात तेव्हा लाइट जाणं-येणं रोजचंच. आली की सगळं घर हात जोडायचं. आता दिवसाउजेडी, भर दुपारी दिवा लागला तरी तिचे हात आपोआप जुळायचे आणि ती तशीच दार उघडायला जायची. दूधवाल्याला नमस्कार, गॅस सिलिंडरवाल्याला नमस्कार. प्रत्येकाला वाटायचं तो आपल्यालाच आहे. समोरच्या काकू तर खूश झाल्या. घंटेची तक्रार त्यांनी स्वतःहून मागे घेतली. पण मुख्य गोष्ट ही की आई दुपारची झोपायला लागली. पांघरूण तोंडावर न घेता, दिव्याकडे तोंड करून, पण झोपायला लागली. खुर्ची भिंतीला गेली. मला वाटलं, जिंकलं.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला सख्खा भाऊ असून मी मंडईजवळ चुलतभावाकडे ओवाळायला जायचे. त्या वर्षीही गेले. आई घरीच राहिली. ओवाळलं, फराळाचं खाल्लं, पण तिथेही बसवेना. काकू ‘‘थांब गं, कुठे आग लागलीय?’’ म्हणत असताना मी चप्पल घालत होते. आमच्या रस्त्याला पोचले तेव्हा काळोख पडला होता आणि घराघरावर आकाशकंदील लागले होते. आमच्या जिन्यातला दिवाही चालू होता. वर आले तर आमच्या दारावरच्या काचेत मात्र अंधार.

मी किल्लीने दार उघडलं. उघडताक्षणी बैठकीतला दिवा लागला. आई पलंगावर अंधारात बसली होती. तिने हात जोडले.

‘‘आली बाई एकदाची,’’ ती म्हणाली. ‘‘बराच वेळ लाइट नव्हती.’’

मी दारातच उभी राहिले. लाइट गेलीच नव्हती. आख्खा रस्ता उजळलेला होता. दिवा गेला होता तो बेल दाबली म्हणून, आणि दार उघडलं नाही म्हणून तो तसाच राहिला होता. दुपारी अवेळी दिवा लागला तर त्याचा अर्थ एकच होता. दिवा लागलेला असताना गेला तर पुण्यात त्याचा अर्थ कोणीही जो लावेल तोच तिने लावला होता. लाइट गेली. बसून राहायचं, येते.

कोणीतरी आलं होतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी. मी तशीच खाली धावले.

खाली जिन्याच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या काकांची टपरी होती. कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर मारत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘ताई, तुमच्याकडे बेल दाबली की दिवा घालवतात का हो?’’

‘‘कोण आलं होतं?’’

‘‘तुमचे बंधू. मला वाटतं तेच. हातात पिशवी होती. वर गेले, जरा वेळाने खाली आले. म्हटलं, नाहीत का कोणी? तर म्हणाले, आहेत की. दिवा लागला होता, मी बेल दाबली आणि आतून दिवा घालवला. कळलं म्हणा मला.’’ काकांनी इस्त्री बाजूला ठेवली. ‘‘चेहरा काही बरा नव्हता त्यांचा.’’

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला कधी नव्हे ते बसवलं. दाराच्या एका बाजूला तो, अंधाऱ्या काचेकडे बघत. दुसऱ्या बाजूला ती, अंधारात, लाइट यायची वाट बघत. मध्ये माझं सर्किट, अगदी बरोबर चाललेलं. त्यात कुठे तार सुटली नव्हती, काही जळलं नव्हतं. मला ते माळ्यावरून ओढून रस्त्यावर भिरकावून द्यावंसं वाटलं.

आईला सांगणं भाग होतं. तिच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हापुन्हा विचारलं, ‘‘पिशवी होती म्हणाले?’’ मग म्हणाली, ‘‘आता तू जा. आता त्याच्या पायांची वाट बघायची नाही.’’

पहिली सुट्टी मिळाली तशी मी वाघोलीला गेले. तेव्हा वाघोली म्हणजे गाव होतं, नगर रस्त्याला लागून शेतं. विचारत विचारत पोल्ट्रीपर्यंत पोचले. दादा अंडी घेऊन पुण्यात गेला होता. ज्यांच्या जागेत शेड होती त्या घरातल्या बाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी बहीण म्हटल्यावर त्यांनी चहा टाकला. मी त्यांना सगळं सांगितलं. आईचे कान, बेल, रिले, दिवा.

‘‘म्हंजी आईनं दिवा घालवला न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिवा आपल्या आपणच गेला?’’

‘‘तसंच समजा. त्याने बेल दाबली म्हणून गेला.’’

‘‘आन् आई आतच बसल्याली?’’

‘‘तिला वाटलं लाइट गेली.’’

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. ‘‘अगं बाई. सांगते की. पर ताई, खरं सांगू? मला आत्ता तुमी समोर हाय म्हणून पटतंय. त्यांना पटंल का?’’

हा प्रश्न मी बसने परत येईपर्यंत उगाळत राहिले. पटेल का? भांडून घर सोडलेल्या माणसाला, ज्याच्या तोंडावर दिवा गेला त्या माणसाला, एक बाई सांगणार की दिवा आईने नव्हे, रिलेने घालवला. मला स्वतःला कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दारातून हाकलून दिलं असतं.

घरी येऊन पुन्हा कागद घेतला. बाहेर, दारावर, एक दिवा लावला: बेल दाबली की तो लागणार आणि दार उघडेपर्यंत लागलेला राहणार, म्हणजे बाहेरच्याला कळावं की आत खबर पोचली आहे. ते सोपं होतं. आतल्या बाजूचं अवघड होतं. दिवा बेलमुळे गेला की वीज गेल्यामुळे, हे आईला कसं कळावं? मी एक लाल इंडिकेटर बसवला. वीज असेपर्यंत तो लागलेला. आईने डोळे बारीक करून बघितलं. तिचा मोतीबिंदू तेव्हा पिकायला आला होता.

‘‘ते लाल टिकलीएवढं मला इथून दिसत नाही,’’ ती म्हणाली. मग वर बघून म्हणाली, ‘‘पंखा लाव.’’

‘‘थंडीत?’’

‘‘लाव म्हणते ना. वीज गेली तर पंखाही थांबेल. दिवा गेला आणि पंखा चालू असला, म्हणजे दारात कोणीतरी आहे. पंखा बघावा लागत नाही. अंगाला कळतो.’’

कारखान्यात ज्याला आम्ही दोन खुणांचा ताळा म्हणायचो, तो तिने पलंगावर बसल्या बसल्या मांडला होता. पण कौतुक करायला मला सवड नव्हती, कारण त्याचा अर्थ मला लगेच कळला आणि पुढचे दोन महिने तोच छळत राहिला. पंखा आता बंद करायचा नाही.

त्या वर्षी पुण्यात कडाक्याची थंडी पडली. आई स्वेटर, त्यावर शाल, वडिलांची कानटोपी, पायात मोजे घालून फिरत्या पंख्याखाली बसायची. तांदूळ निवडायची तर सुपातला कोंडा खोलीभर. येणारेजाणारे आधी पंख्याकडे बघायचे, मग आईकडे, मग माझ्याकडे, की हिचं काय बिघडलंय. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात शेकोटी पेटवणार असाल तर आधी कळवा हं.’’ तिला खोकला झाला. डॉक्टर म्हणाले वाऱ्यात बसू नका. मी त्यांच्यासमोर तिच्याकडे बघितलं. तिला त्या दिवशी ओठांवरूनही काही कळेना.

मी घरात येरझाऱ्या घालायचे. पंखा बंद करायला बटणाशी जायचे आणि परत फिरायचे. कामावर असताना लाइट गेली की आधी मनात यायचं, आता घरीही गेली असेल, आणि नेमका आत्ताच तो आला असेल तर? जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी. दूधवाला, पेपरवाला, चुकून आलेला कोणी. वाघोलीहून काही कळलं नाही. पुन्हा जावं तर आई म्हणायची, ‘‘निरोप पोचलाय. आता त्याचं त्याला ठरवू दे.’’

संक्रांत होऊन गेली होती. एका संध्याकाळी आईला सारखी ढास लागत होती आणि माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारत होता. मी तशीच बाहेर येऊन तिच्यापुढे उभी राहिले आणि बोलायला लागले. पुरे झालं म्हटलं. तो यायचा नाही. त्याला यायचं असतं तर आत्तापर्यंत आला असता. त्याच्या मानापायी तू न्यूमोनियाने मरणार आहेस, आणि तेव्हाही तो येऊन भिंतीला टेकून उभा राहील आणि तिथूनच परत जाईल. मी फार वाईट बोलले, आणि ती एकटक माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकत होती.

मध्येच दिवा गेला.

‘‘घ्या,’’ मी अंधारात ओरडले. ‘‘आता लाइटही गेली!’’

ते तिला कळलं नाही, कारण माझे ओठ दिसत नव्हते. पलंग करकरला. ती उठली होती. शाल घसरून माझ्या पायांवर पडली. मी ती उचलायला वाकले, आणि मानेवर वारा लागला. गार, एकसारखा. पंखा फिरत होता.

सर्किट मी केलेलं होतं, आणि मला हलता आलं नाही. भिंतीला हात लावत ती माझ्या बाजूने गेली. दारावरच्या काचेत बाहेरचा दिवा लागलेला होता आणि त्यात कोणाचं तरी डोकं दिसत होतं. तिने कडी काढली. दार उघडलं, पकड सुटली आणि आतला दिवा लागला. आईचे हात सवयीप्रमाणे जुळले.

दारात दादा होता. हातात पिशवी. केस पांढरे व्हायला लागले होते. आणि त्याच्यासमोर कानटोपी घातलेली त्याची आई हात जोडून उभी होती.

तो नमस्कार दिव्याला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. वाघोलीच्या बाईंना मी सगळं सांगितलं होतं, तेवढंच राहिलं होतं. त्याने पिशवी टाकली. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, अंडी होती. त्याने तिचे जोडलेले दोन्ही हात आपल्या हातात धरले, ते सोडवायला बघायला लागला आणि ‘‘आई, असं नको गं, आई, असं नको करू,’’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला. तिला ऐकू येत नव्हतं. त्याची मान खाली होती, म्हणून ओठही दिसत नव्हते. ती नुसती त्याच्या दंडाला हात लावून चाचपत होती, बारीक झालाय का ते.

मी त्याला खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. मग नाही सांगितलं.

आईने त्याला आत घेतलं, पलंगावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आता तो पंखा बंद कर गं. केव्हाची थंडी वाजतेय.’’